आंब्याखाली उभ्या गाडीवरचा चीक: आधी ओळखा, मग फडकं उचला

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात ताराबाई पार्कात बंगल्याच्या आवारातल्या आंब्याखाली गडद करड्या रंगाची, सहा वर्षं वापरलेली गाडी फेब्रुवारीपासून महिना-दीड महिना उभी होती. छतावर, बॉनेटवर बारीक चिकट ठिपके, त्यावर काळपट थर आणि मधेमधे कडक झालेले पिवळसर थेंब. पेट्रोलच्या फडक्यानं घासून पाहिलं. थोडं निघालं, पण बॉनेटवर पांढुरके धूसर पट्टे उमटले. हे बॉनेट दोन वर्षांपूर्वी बाहेर रंगवून घेतलेलं आहे. आता काय करायचं?

पेट्रोल आधी थांबवा. मग गाडीवर नेमकं काय पडलंय ते ओळखा. झाडाखाली उभ्या गाडीवर जे काही चिकट पडतं त्या सगळ्याला आपण ‘चीक’ म्हणून मोकळे होतो, आणि घोळ तिथंच होतो. त्यात तीन वेगवेगळ्या जातींचे पदार्थ असतात. कुठल्याला पाणी पुरतं, कुठल्याला तेल लागतं, कुठल्याला पाण्यावर आणखी स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल.

पहिला म्हणजे चिकटा. मोहोराच्या दिवसांत आंब्यावर तुडतुडे येतात, मोहोरातला रस शोषतात आणि जास्तीची साखर थेंबाथेंबानं खाली टाकतात. हा झाडाचा चीक नव्हेच, किड्यांनी टाकलेला साखरपाक आहे. तुमच्या गाडीवरचे बारीक ठिपके म्हणजे हाच. त्यावरचा काळपट थर ही त्या साखरेवर वाढलेली काळी बुरशी, बागायतदार जिला काजळी म्हणतात ती. काकवी सांडली तर फरशी कशानं पुसतो? पाण्यानं. इथंही तेच. पेट्रोलमध्ये साखर विरघळत नाही, त्यामुळं ठिपके गेले नाहीत, नुसते पसरले.

दुसरा डिंक. बाभूळ, शेवगा, कडुनिंब यांच्या खोडातून येतो तो. डिंकाच्या लाडवांसाठी तो तुपात टाकला की फुलतो, विरघळत नाही. पाण्यात भिजवला तर मात्र मऊ होऊन सुटतो. म्हणजे रॉकेल, डिझेल, पेट्रोल यातलं काहीही डिंकावर वाया जातं. आंब्याच्या फांदीतून, छाटणीच्या जागेवरून किंवा खोडकिड्यानं पाडलेल्या भोकातून जे पाझरतं ते काही डिंक आणि काही राळ असतं. तुमचे पिवळसर कडक थेंब बहुधा तेच. त्यांना आधी पाणी आणि उरलेल्याला स्पिरिट लागेल.

तिसरा खरा चीक, म्हणजे दुधासारखा पाझरून नंतर रबरासारखा होणारा: फणस, वड, पिंपळ, उंबर, चाफा. फणस चिरताना विळीला आणि हाताला तेल का लावतात ते आठवा. पाण्यानं हा हलत नाही, तेलानं सुटतो. कैरीच्या देठाचा चीक याच्या जवळचा, पण पातळ, तेलकट आणि जास्त जहाल. अंगावर उततो तो हाच. एप्रिल-मेमध्ये वाऱ्यानं कैरी बॉनेटवर पडून देठ मोडला असेल तर तो डाग त्याच दिवशी धुवा.

इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ पाइनच्या राळेबद्दल असतात. ती झाडं आपल्याकडं रस्त्याकडेला नाहीत. म्हणून ‘थेट अल्कोहोल लावा’ हा त्यातला सल्ला इथं निम्म्या वेळा चुकीच्या पदार्थावर जातो. रेन ट्रीखाली गाडी लावणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. मार्च ते मे त्याच्या शेंगा पडतात, त्यातला गर गोड आणि चिकट असतो. चाकाखाली किंवा बॉनेटवर चिरडलेली शेंग कोमट पाण्यानंच निघते.

ओळखायची रीत सोपी. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा डागावर पाच मिनिटं ठेवा. डाग पूर्ण गेला तर साखर होती. फुगून जेलीसारखा झाला तर डिंक. पाणी त्यावरून मोत्यासारखं घरंगळलं आणि डाग जसाच्या तसा राहिला तर चीक किंवा राळ.

आता काढायचं काम. जागा सावलीतली हवी आणि पत्रा थंड हवा. उन्हाळ्यात दुपारी गडद बॉनेट साठ अंशांच्या वर सहज जातं. तिथं कोणतंही द्रावण काम करण्याआधी उडून जातं आणि मागं वलय ठेवतं. हात पालथा करून पाच सेकंद बॉनेटवर ठेवा. चटका बसला तर सकाळपर्यंत थांबा. सकाळी सातची वेळ सगळ्यात बरी.

कोरडं फडकं अजिबात फिरवायचं नाही. कोल्हापुरात याला एक खास कारण आहे. ऊस गळीत हंगाम चालू असतो तेव्हा कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला बगॅसची, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चिपाडाची, राख उडत असते, शेतात पाचट पेटवलं की काळी पापुद्री येते, आणि हे सगळं त्या चिकट्यावर येऊन बसतं. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते. म्हणजे गाडीवर चिकटलेली वाळूच. त्यावर फडकं दाबून घासणं हे पॉलिश पेपर मारण्यासारखंच आहे. पहाटेच्या दवानं गाडी ओली दिसते म्हणून तेवढ्यावर पुसून घेण्याची सवय अनेकांना असते, तीही सोडा. दवानं राख वाहून जात नाही, फक्त ओली होते.

आधी साध्या पाण्याचा भरपूर मारा करून सैल धूळ घालवा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल पत्र्यापासून दीड-दोन फूट लांब धरा, रंगवलेल्या बॉनेटवर आणखी लांब. मग मोठे जुने टॉवेल साधारण ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात (हाताला गरम लागेल पण हात ठेवता येईल इतपत) भिजवून छतावर आणि बॉनेटवर पसरा. दहा मिनिटं राहू द्या, गार झाले की बदला, असं तीन वेळा. उकळतं पाणी नको: काच थंड असेल तर तडकू शकते.

टॉवेल उचलून दोन बादल्यांनी धुवा. एका बादलीत दहा लिटर पाण्यात २५-३० मिली कार शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबर मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) शाम्पूत बुडवायचं, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून मगच परत शाम्पूत. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको. पावडरीत न विरघळलेले कण राहतात, आणि दोन्ही उरलंसुरलं वॅक्स काढून टाकतात. बोअरचं पाणी वापरत असाल तर गाडी वाऱ्यावर वाळू देऊ नका, लगेच टिपून घ्या. नाहीतर चिकट्याचे डाग जाऊन क्षारांचे येतील.

तुमच्या गाडीवरचा ऐंशी-नव्वद टक्के ऐवज या टप्प्यालाच निघून जायला हवा. तसं झालं नाही तर बहुधा टॉवेल पुरेसा वेळ ठेवलेला नसतो. लोकांचा धीर इथंच सुटतो. पाण्याला अर्धा तास देण्याऐवजी हाताला जोर लावतात.

उरले कडक थेंब. त्यासाठी मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. ९९ टक्क्यांचं असेल तर ७० मिलीत ३० मिली डिस्टिल्ड वॉटर मिसळा. पाण्यामुळं ते हळू उडतं, त्यामुळं थेंबात मुरायला वेळ मिळतो, आणि डिंकाचा उरलेला भागही त्याच पाण्यात सुटतो. हँड सॅनिटायझरची जेल वापरू नका. त्यातला घट्ट करणारा पदार्थ नवीन थर सोडतो. कापूस ओला करून थेंबावर ४० ते ६० सेकंद नुसता ठेवा. दाबू नका. मग उचलून मायक्रोफायबरच्या स्वच्छ घडीनं एकदाच, एका दिशेनं ओढून घ्या. घडी उलटा, पुढचा थेंब. एका जागी सलग तीन वेळांपेक्षा जास्त नको. मधे पाणी मारून पत्र्याला विश्रांती द्या. थेंब जाड असेल तर हेअर ड्रायरनं वीतभर अंतरावरून अर्धा मिनिट कोमट केला की अल्कोहोल लवकर मुरतं. पण ड्रायर आणि अल्कोहोल एकाच वेळी कधीच नाही. आधी ड्रायर, तो बंद करून लांब ठेवायचा, मग बाटली उघडायची. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ बारा अंशांनाही पेट घेते.

नखानं किंवा जुन्या एटीएम कार्डानं थेंब खरवडण्याचा मोह होतो. कडक थेंबाच्या कडेला राखेचा कण असतो, तो सोबत ओढला जातो आणि एक लांब चर पडते. कडक राळ नखाला दाद देत नाही. मऊ झालेली फडक्याला देते.

वड-पिंपळाचा किंवा फणसाचा चीक असता तर क्रम बदलला असता: आधी खोबरेल तेल पंधरा मिनिटं, मग शाम्पू, आणि उरलं तर रंगाच्या दुकानात मिळणारं एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन. टार रिमूव्हर म्हणून मिळणारे स्प्रे आणि डब्ल्यूडी-फोर्टी याच घरातले. दोन-तीन मिनिटं ठेवून पुसायचे आणि त्यांचा तेलकट थर शाम्पूनं काढायचाच. तो राहिला तर संध्याकाळपर्यंत धूळ त्यावर जमते आणि लोक म्हणतात की डाग परत आला. या झाडांखालच्या गाडीवर पक्ष्यांची शीटही असतेच, कारण फळं खायला पक्षी येतात. तिच्यातलं यूरिक ॲसिड चिकापेक्षा लवकर रंग खातं, म्हणून धुताना आधी ती.

पेट्रोलबद्दल इतका आग्रह का, तेही सांगतो. पेट्रोल झटकन उडतं. मुरायला वेळ मिळत नाही, म्हणून माणूस नकळत घासतो. त्यानं पातळ झालेला चीक पसरून पापुद्रा बनतो. आगीचा धोका वेगळाच. थिनर त्याहून वाईट. त्यात टोल्यूइन, ॲसिटोनसारखी द्रावणं असतात आणि ती रंगवलेल्या पॅनलवर काही सेकंदांत चट्टा पाडू शकतात. नेलपॉलिश रिमूव्हरचंही तेच. हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेटवर थिनर किंवा ॲसिटोन गेलं तर काचेत जाळीसारखे बारीक तडे येतात आणि ते पॉलिशनं जात नाहीत.

आता तुमच्या बॉनेटकडं. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, त्याची क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, आतून आडवी-तिडवी जोडली गेलेली असते, म्हणून घटकाभर द्रावण सहन करते. बाहेर रंगवलेलं बॉनेट कशानं रंगवलंय यावर सगळं अवलंबून. हार्डनर घातलेला टू-के पीयू (दोन घटकांचा पॉलियुरेथेन) रंग असेल तर दोन वर्षांत तो पक्का झालेला असतो आणि अल्कोहोलला घाबरायचं कारण नाही. स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग असेल तर गोष्ट वेगळी. पाहायचं असं: बॉनेट उघडा, आतल्या कडेला जिथं रंगाचा फवारा गेलेला आहे तिथं पांढऱ्या कापसावर दोन थेंब अल्कोहोल घेऊन पंधरा सेकंद धरा. कापसावर करडा रंग आला किंवा जागा बोटाला चिकट लागली, तर त्या पॅनलवर अल्कोहोल बंद. पाणी, तेल आणि वेळ यांवरच भागवा.

पांढुरके पट्टे तीन कारणांनी येतात. एक, पसरलेल्या चिकाचा पातळ पापुद्रा. दोन, राखेनं पडलेले बारीक ओरखडे. तीन, द्रावणानं फुगलेला रंग. मोबाइलचा टॉर्च तिरका मारून पाहा. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा गोल फिरलेल्या दिसल्या तर ओरखडे. रेषा नाहीत पण डाग ढगासारखा आहे आणि ओलं केलं तरी तसाच आहे, तर फुगलेला रंग असू शकतो. अशा रंगाला एक-दोन दिवस उघड्या हवेत सावलीत राहू द्या. आतलं द्रावण निघून गेलं की बऱ्याचदा चमक थोडी परत येते. त्या दोन दिवसांत पॉलिश, वॅक्स, कव्हर काहीही नको. आणि पापुद्रा असेल तर वरच्या चाचणीत पास झालेल्या पॅनलवर अल्कोहोलचा एकच हात फिरवला की जातो. तुमच्या वर्णनावरून पापुद्रा आणि ओरखडे दोन्ही असावेत असं वाटतं, कारण फुगलेल्या रंगाचा डाग सहसा फडक्याच्या दिशेनं पट्ट्यांत येत नाही.

सगळं धुऊन झाल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून अलगद फिरवा. उघड्या बोटाला न लागणारी खरखर पिशवीतून लख्ख कळते. खरखर असेल तर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी. साधारण चाळीस ग्रॅमचा गोळा मळून तीन बोटांएवढी चपटी वडी करा, शाम्पूच्या पातळ पाण्यानं पत्रा ओला ठेवा आणि वजन न टाकता सरळ रेषेत फिरवा. गोल नाही. दोन फूट बाय दोन फूट झालं की वडी दुमडून नवीन बाजू घ्या. जमिनीवर पडली तर ती कचऱ्यात. क्ले महाग वाटतो म्हणून पडलेली वडी धुऊन वापरणं महागात पडतं. त्यात रुतलेला खडा दिसत नाही.

गुळगुळीत लागतंय तरी डागाच्या जागी खोलगट वलय दिसतंय, तर चिकानं क्लिअर कोट खाल्ली आहे. चीक वाळताना आक्रसतो आणि खालचा थर ओढतो, उन्हात हे वेगानं होतं. इथं घाई करू नका. कारखान्याचा एकूण रंग साधारण ८० ते १३० मायक्रॉन, त्यातली क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. उन्हापासून वाचवणारे पदार्थही त्याच थरात असतात. आधी हातानं बारीक फिनिशिंग पॉलिश: फोमच्या पॅडवर मटारच्या दाण्याएवढे तीन-चार ठिपके, हातभर चौकोनात दोन मिनिटं, मग पुसून टॉर्चनं पाहायचं. दोनदा करूनही वलय राहिलं तर काम मशीनचं आहे.

मशीनसाठी गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ सांगितलं की बरेच ठिकाणी लोकरी पॅड, कटिंग कंपाउंड आणि रोटरी (एकाच आसावर गरगरणारं मशीन) घेऊन सगळी गाडी घासतात. एका फेरीत तीन-चार मायक्रॉन जाऊ शकतात आणि बॉनेटच्या धारेवर रंग उडायला काही सेकंद पुरतात, कारण धारेवर थर आधीच पातळ असतो. काम देण्याआधी तीन गोष्टी विचारा. जाडी मोजायचं मीटर आहे का? ड्युअल ॲक्शन मशीन (फिरता फिरता हलणारं, रंगाला कमी धोक्याचं) आहे का? धारांना मास्किंग टेप लावणार का? मीटर बॉनेटवर २०० मायक्रॉनच्या वर दाखवत असेल तर घाबरू नका, रंगवलेल्या पॅनलवर जाडी जास्त येतेच. ४०० च्या पुढं गेलं तर खाली बहुधा पुट्टी आहे. तिथं गरम करणारं पॉलिश टाळा. आणि खड्डेच पडलेत, २००० नंबरचा पेपर मारू, असं कोणी म्हणालं तर फक्त त्या डागापुरतं, अख्ख्या बॉनेटला नाही.

काचेचं काम त्यामानानं सोपं. काच ओली करून नवं ब्लेड तीस अंशांत धरून थेंब सपाट उचलता येतात. कोपरा टेकवायचा नाही. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला डिफॉगरच्या रेषा असतात, तिथं ब्लेड नाही. चिकटा असताना वायपर चालवू नका. वायपरचं रबर अल्कोहोलच्या कापसानं पुसून घ्या, त्यावरचा थर पहिल्या पावसात अख्खी काच धुरकट करतो. आणि बॉनेट उघडलेलंच आहे तर काचेखालच्या जाळीतला मोहोर आणि पानं हातानं काढा. तिथली पाण्याची वाट बुजली की जूनमध्ये पाणी पायापाशी येतं, आणि कुजलेल्या मोहोराचा वास एसीतून.

अल्कोहोल, क्ले, पॉलिश यातलं काहीही लावलं की वॅक्स उरत नाही, म्हणून त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट. कार्नोबा वॅक्स आपल्या उन्हात दीड-दोन महिने टिकतं, सिंथेटिक सीलंट तीन-चार महिने. सिरॅमिक कोटिंग असलेल्या गाडीवरही चिकटा पडतोच. फरक इतकाच की तो पाण्यानं लवकर सुटतो. मोहोर असेपर्यंत आठवड्यातून दोनदा नुसतं पाणी मारलं तरी काजळी धरत नाही.

कव्हरनं हा प्रश्न सुटत नाही. पातळ कव्हरमधून चिकटा झिरपतो, उन्हात कव्हर रंगाला चिकटतं, वाऱ्यावर फडफडताना आतली राख घासते. गाडी दुसरीकडं लावता येत असेल तर फांदीच्या टोकाखालून फक्त दहा-बारा फूट सरकवली तरी फरक पडतो, कारण तुडतुड्यांचे थेंब बहुतेक सरळ खाली पडतात. फांदी छाटायची असेल तर आधी महापालिकेत विचारा. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा राज्याचा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि तो आवारातल्या झाडालाही लागू आहे. तुडतुड्यांसाठी आंब्यावर फवारणी करून घेणार असाल तर त्या दिवशी गाडी आवाराबाहेर न्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच परत आणा.